मुंगी मेली!

पोर धावता धावता पडतं, गुडघा खरचटतो. रडावं की नको, असा क्षणभर त्याचा विचार चाललेला असतो. तेवढ्यात आजी जमिनीकडे बोट दाखवून ओरडते, "अगं बाई, मुंगी मेली! बघ, मुंगी मेली!" पोर मुंगी शोधायला लागतं. ती काही सापडत नाही, पण तोवर रडायची वेळ टळलेली असते. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्या या अदृश्य मुंग्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. 'तुला लागलंच नाही' असं मात्र आजी म्हणत नाही. म्हटलं असतं तरी पोराला ते पटलं नसतं. गुडघा त्याचा आहे.

आजीची ही विद्या फ्रान्समध्ये एका औषधविक्रेत्याला सापडली होती. एमिल कुए त्याचं नाव. 1857 साली त्र्वा गावी जन्मला, तिथेच त्याने औषधांचं दुकान चालवलं. बाटली देताना 'हे औषध फार गुणाचं आहे' असे दोन शब्द बोललं, की नुसती बाटली हातात ठेवण्यापेक्षा गिऱ्हाइकाला लवकर उतार पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे तो संमोहन शिकला, नान्सी शहरात राहायला गेला आणि घरीच लोकांना फुकट मार्गदर्शन करू लागला. आपण दिवसेंदिवस सगळ्याच बाबतींत सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचं एक छोटं वाक्य तो सगळ्यांना द्यायचा. सकाळी डोळे उघडण्याआधी आणि रात्री डोळे मिटल्यावर ते वीस वेळा पुटपुटायचं. मोजण्यात मन अडकू नये म्हणून वीस गाठींची दोरी घ्यायची. आपल्याकडे एकशेआठ मणी ओढणाऱ्या कोणत्याही आजोबांना या दोरीत काही नवल वाटलं नसतं. दुखणं उठलं तर दुखऱ्या जागेवरून हात फिरवत 'जातंय, जातंय' असं भराभर म्हणत राहायचं. इतकं भराभर, की 'कुठे जातंय?' असं विचारायला मनाला उसंतच मिळू नये.

1923 साली तो अमेरिकेत गेला, तेव्हा त्याला बघायला आणि ऐकायला झुंबड उडाली. टवाळीही झाली. झाडाफुलांनाही हा मंत्र द्या, असं कोणी म्हटलं असेल तर नवल नाही. मला मात्र कुएच्या सूचनांमधली एक अट फार महत्त्वाची वाटते. वाक्य जोर लावून म्हणायचं नाही. मुठी आवळायच्या नाहीत, निश्चय करायचा नाही. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर जिंकते कल्पना, हे त्याचं लाडकं सूत्र. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालेल. तीच फळी चर्चच्या दोन मनोऱ्यांच्या मध्ये टाकली, तर कितीही निर्धार केला तरी पाय लटपटणारच, कारण मन आधीच खाली पडून बसलेलं असतं.

आजकालच्या 'सकारात्मक वाक्यां'मध्ये नेमकी हीच अट गळून पडलेली दिसते. आरशावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, मोबाइलवर सकाळी सातला वाजणारं ॲप, कुटुंबाच्या ग्रुपवर सूर्योदयासकट येणारा 'मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे'चा गजर. सगळीकडे मूठ आवळलेली. आणि प्रत्येकाच्या आत एक नाऱ्या बसलेला असतो. तोच तो, ज्याला शुभ बोल म्हटलं तर म्हणतो मांडवाला आग लागली. तुम्ही आरशात बघून 'मी यशस्वी आहे' म्हणता, आणि आतून नाऱ्या विचारतो, 'हो का? मग परवा साहेबांसमोर तोंडातून शब्द का फुटेना?' तुम्ही आवाज चढवला की तोही चढवतो. नाऱ्याजवळ पुरावे असतात आणि तुमच्याजवळ फक्त चिठ्ठी असते, ही खरी पंचाईत.

हा नाऱ्या प्रयोगशाळेतही सापडला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअन वुड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार मिनिटं मनात येईल ते लिहायला बसवलं होतं. त्यांतल्या काहींना सांगितलं होतं, की दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं स्वतःशी म्हणायचं. ज्यांना आधीपासून स्वतःबद्दल बरं वाटत होतं, त्यांना किंचित अधिक बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात वाईट होतं, ते वाक्य म्हणून आणखी खट्टू झाले. म्हणजे ज्यांना औषधाची गरज होती, त्यांनाच ते बाधलं. घंटा वाजली की त्यांचा नाऱ्या जागा होत असणार.

इथे मला रामदासांचं कौतुक वाटतं. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. शाळेच्या पाठांतर स्पर्धेत ते घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना त्यांतलं किती कळतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यांत 'मी अमुक आहे' असा दावा नाही. तिथे मनाला हाक आहे, आर्जव आहे, अधूनमधून कानउघाडणीही आहे. आणि हाक मारताना मन अजून द्वाड असतानाच त्याला सज्जन म्हणून टाकलेलं आहे! दावा केला की पुरावा मागता येतो. हाकेला पुरावा कोण मागणार? एक तर ओ द्यायची, नाही तर गप्प बसायचं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलं, की भाषण करण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून समजावणाऱ्यांचा त्रास कमी होतो. सतराव्या शतकातल्या माणसाने ते भुजंगप्रयातात बसवलं होतं, एवढंच.

तेव्हा रोज एखादं वाक्य म्हणायचंच असेल, तर ते लहान असावं आणि नाऱ्यालाही खोडता येऊ नये इतपत खरं असावं. 'माझ्या आयुष्यात आनंदच आनंद आहे' यापेक्षा 'आजचं निभेल' हे मला कितीतरी भरवशाचं वाटतं. 'मी कोणाला घाबरत नाही' यापेक्षा 'घाबरलास तरी जा' बरं. माझी एक मैत्रीण आईच्या आजारपणात पहाटे गॅस पेटवताना 'एका वेळी एकच' एवढंच म्हणायची. त्यात धीर कुठे आहे, असं कोणी विचारेल. पण त्या घरात एका सकाळी दहा कामं अंगावर यायची, आणि त्या तीन शब्दांनी त्यांतली नऊ थोडा वेळ दाराबाहेर थांबायची.

वाक्याची झेप कुठवर, तेही सांगितलं पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणंच नकोसं वाटतंय, अशा वेळी चिठ्ठी चिकटवणाऱ्याने हात आवरावा आणि त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यावं. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर फोनवर बोलते, तीही विनामूल्य. उदास माणसाला 'जरा पॉझिटिव्ह विचार कर' म्हणणं हा माझ्या मते क्रूरपणाच आहे. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते म्हणून तो दिसत नाही. कुएसुद्धा, कल्पनेच्या ताकदीवर एवढा भरवसा ठेवणारा, आपण कोणाला बरं करत नाही असं बजावायचा आणि डॉक्टरांचे उपचार सोडू नका म्हणायचा.

आमच्या शेजारच्या काकूंनी यातलं काही वाचलेलं नाही. सत्तरी कधीच ओलांडली, दोन्ही गुडघे कुरकुरतात. दुपारची वामकुक्षी झाली की पलंगाच्या कडेशी बसून त्या स्वतःलाच अहो-जाहो करतात, "चला बाई, उठा आता." नवऱ्याला त्यांनी कधी इतक्या आदराने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. एकदा मी विचारलं, "आणि नाही उठवलं तर?"

"मग पुन्हा म्हणायचं," काकू म्हणाल्या. "बाई जरा ऐकायला कमी आहे."