उघडता येते ती सायकल

जुनी सायकल दाखवायला कोणी दुकानात आणली की मी आधी खिशातून दोरा काढतो. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला एक टोक बांधायचं, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसरं टोक पलीकडच्या खाचेत आणायचं. दोरा ताणला की सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजायचं. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर गाडी कुठेतरी आपटलेली आहे, वरून रंग कितीही चकचकीत असो.

माझं दुकान पुण्यात सदाशिव पेठेच्या बाजूला आहे. बीड, लातूर, नांदेडहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं इथे कॉट बेसिसवर राहतात. खोली, मेस आणि अभ्यासिका यांत पैसे संपतात, आणि जायला-यायला सायकल तर हवी असते. जूनपासून एकच प्रश्न रोज कानावर येतो: "काका, जुनी घेऊ की नवी, स्वस्तातली?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. जुनी की नवी हे नंतर बघू. जी उघडता येते ती घे.

दोन वर्षांपूर्वी बीडचा एक मुलगा काळी, बावीस इंची ॲटलस घेऊन आला. दीड हजार सांगत होते. पैसे देण्याआधी दाखवायला आणली, हे त्याने फार चांगलं केलं. पण त्याच्या मनात धाकधूक होती. "काका, कंपनीचा कारखाना बंद पडला म्हणतात. उद्या पार्ट कुठून आणू?" खरं होतं ते. 2020 साली 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. ती बातमी वाचून मीही दिवसभर गप्प होतो. पण त्या मुलाला मी भिंतीवरचे टायर दाखवले. अठ्ठावीस-दीड. ॲटलसला बसतो, हीरोला बसतो, हर्क्युलिसलाही बसतो. चेनच्या एका कडीपासून पुढच्या कडीपर्यंत अर्धा इंच, कुठल्याही साध्या गाडीला. लुधियानातून माल येतो तो या ठरलेल्या मापांचा. कारखाना बंद पडला तरी माप बंद पडत नाही.

मग गाडी उलटी केली. फ्रेमवरचा नंबर घासलेला नाही ना, ते पाहिलं. घासलेला असला तर ती गाडी मी दुरुस्तीलाही घेत नाही. दोरा लावला, सरळ निघाली. सीटचा पाइप वरखाली होत होता, गंजून धरलेला नव्हता. चेनवर पट्टी ठेवली. चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसायला हव्यात. एक अष्टमांश जास्त भरल्या. म्हणजे चेन गेली, आणि तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले. मागचं चाक खोललं. पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. ग्रीस वाळून काळं खडखडीत झालेलं. रॉकेलमध्ये धुऊन छर्रे तळहातावर घेतले, तर चार ठिपकेदार निघाले. छर्रे ज्यावर फिरतात तो कोन मात्र गुळगुळीत होता, नखाला कुठे खाच लागली नाही. चेन, फ्रीव्हील, छर्रे, ब्रेकचे रबर, एक टायर आणि ओव्हरऑइलिंग: अकराशे रुपये झाले. दीड हजाराची गाडी सव्वीसशेला पडली. जुन्या सायकलची किंमत अशी दोन हप्त्यांत मोजायची असते. पहिला विकणाऱ्याला, दुसरा दुरुस्तीला. दुसरा हप्ता जे विसरतात तेच पुढे जुन्या गाडीला नावं ठेवतात.

सगळं बदलता येतं, फ्रेम बदलता येत नाही. हे मी विशीत शिकलो. नवा निळा रंग मारलेली गाडी हौसेने घेतली होती. हँडलच्या नळीमागे, खालच्या तिरक्या नळीला पोटाकडून बारीक सुरकुत्या होत्या. समोरून धडकलेल्या गाडीला तिथेच सुरकुत्या पडतात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. महिनाभरात उतारावर नळी तडकली आणि हनुवटीला चार टाके पडले. तेव्हापासून त्या जागेवरून माझं बोट फिरल्याशिवाय गाडी पास होत नाही.

आता नवी, स्वस्तातली. सात-आठ हजारांत जाड टायर, स्प्रिंगचा फोर्क, दोन डिस्क ब्रेक, गियर, सगळं मिळतं असं दिसतं. तेवढ्याच पैशांत इतक्या गोष्टी बसवायच्या तर प्रत्येक गोष्ट हलकी येणार. असले बरेच फोर्क दाबून कायमचे बंद केलेले असतात. एका पावसाळ्यात आत पाणी शिरलं की स्प्रिंग धरते, आणि मी पान्हा घेऊन नुसता बघत बसतो. खोक्यातून अर्धवट जोडून आलेल्या गाड्यांत डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे न कळून कोणी जोर लावून पिरगाळतो आणि क्रँकचे आटे जातात. पैसे तेवढेच असतील तर बिनगियरची, साध्या फोर्कची नवी गाडी घ्यावी. ती आधी मिस्त्रीकडून खोलून, ग्रीस भरून, चाकांचा आउट काढून घ्यावी. अशी गाडी पंधरा वर्षं सहज चालते. स्वस्त सायकल वाईट नसते, खोटी श्रीमंत सायकल वाईट असते.

गेल्या महिन्यात एक नवा मुलगा मागच्या चाकाचा आउट काढायला आला. गाडी मी लगेच ओळखली. बीडचा मुलगा गावी परतताना खोलीतल्या मित्राला देऊन गेला होता. मी चाक फिरवून कान लावला. छर्रे अजून आवाज करत नव्हते. चेनवर पट्टी ठेवली. चोवीस कड्या, बारा इंच, वर जेमतेम केसभर. नव्या मुलाने विचारलं, "काका, अजून किती चालेल?"

मी पान्हा त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, "बस इथे. चाक तू खोल."