गोळी कोणती, हे कोण ठरवतं?

जिवाणू औषधांना दाद देत नाहीत, याचं खापर नेहमी आपल्या वस्तीवर फुटतं. म्हणे, हे लोक कोर्स पूर्ण करत नाहीत. उरलेल्या गोळ्या जपून ठेवणं, शेजारणीची गोळी घेणं चूकच. पण मुळात औषध निवडतो कोण आणि कशाच्या आधारावर, हे कुणी विचारत नाही.

माझी मावशी मालवण तालुक्यात काजूच्या कामाला जाते. एका पावसाळ्यात तिला तीनदा लघवीची जळजळ झाली. पहिल्या दोन्ही वेळी खाजगी दवाखान्यातून तपासणीशिवाय अँटिबायोटिक मिळालं, दुसरं पहिल्यापेक्षा भारी. तिसऱ्यांदा आम्ही लघवीच्या कल्चरचा आग्रह धरला. त्यात एका दिवसाची मजुरी गेली आणि अहवालासाठी तीन दिवस थांबावं लागलं. जिवाणू निघाला ई. कोलाय. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम दोन्ही त्याच्यावर निकामी. लागू पडली ती नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी, स्वस्त गोळी.

भारी औषध म्हणजे गुणकारी औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे तीन गट केले: आधी वापरायची, जपून वापरायची आणि अखेरची राखीव. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात आहे. सिप्रो आणि सेफिक्झिम दुसऱ्या. आपल्याकडच्या लेप्टोवर चालणारं डॉक्सिसायक्लिनही पहिल्याच गटातलं. अर्थात नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतीच. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर ती पुरत नाही. म्हणून गोळी मनाने घ्यायची नाही आणि डॉक्टरांनीही अंदाजाने द्यायची नाही.

आता मूळ कारण. मावशी म्हणते, "मुताक जावक येळ खंय गावता?" म्हणून ती कामावर पाणीच पीत नाही. १९२७ साली याच कोकणात, महाडला, बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज आपल्या बाया शौचालयाअभावी तहान मारतात. कारखान्यात स्त्रियांसाठी वेगळं शौचालय १९४८ च्या कायद्याने बंधनकारक केलं. पण लहान युनिटं त्या कायद्यातून सुटली.

म्हणून मागण्या तीन: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून मोफत कल्चर, जिल्ह्यात कोणतं औषध चालतं याचा दरवर्षी जाहीर अहवाल, आणि कामाच्या प्रत्येक ठिकाणी शौचालय.

तरुणांनो, वस्तीतल्या रुग्णासोबत दवाखान्यात जा. डॉक्टरांना नम्रपणे विचारा: हा आजार जिवाणूचाच आहे का? कल्चर करायचं का? गोळ्या किती दिवस? प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

जय भीम!