‘पूअर’ की ‘नीडी’?

समानार्थी शब्दांच्या याद्या आम्ही बरीच वर्षे मुलांकडून पाठ करून घेत आलो. ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’, ‘हेल्प’ आणि ‘एड’. यांतला पहिला शब्द जुन्या इंग्रजांच्या घरातला. दुसरा, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्यानंतर फ्रेंचमधून आलेला. आपल्याकडे ‘विनंती’च्या शेजारी ‘अर्ज’ येऊन बसला, तसेच काहीसे. घरचा शब्द जवळ येतो, दरबारातला जरा अंतर राखतो. एवढे कळले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अवघड, आणि ते परीक्षेत नव्हे, अर्ज लिहिताना अडते. मोहल्ल्यातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आमच्याकडे तपासायला येतात. एका मुलीने लिहिले होते, ‘आय अ‍ॅम अ पूअर स्टुडंट.’ आता ‘पूअर स्टुडंट’ म्हणजे अभ्यासात कच्चा असाही अर्थ होतो, आणि ही तर वर्गात पहिली येणारी! मग ‘नीडी’? त्यात गरज आहे खरी. पण देणाऱ्याने घेणाऱ्याकडे पाहून म्हणावा असा तो शब्द. स्वतःविषयी लिहिताना खटकतो.

उर्दूच्या तासाला हे समजावणे सोपे जाते. कुरआनात जकातीचे हक्कदार सांगताना ‘फुकरा’ आणि ‘मसाकीन’ असे दोन वेगळे शब्द आले आहेत, आणि त्यांतला फरक उलगडायला आलिमांनी पानेच्या पाने लिहिली. खुद्द ‘गरीब’ हा शब्द अरबीत परका, परदेशी माणूस या अर्थाचा. आपण त्याला पैशाशी बांधून टाकले.

मुलीच्या अब्बांचे म्हणणे मात्र निराळे होते. “सर, रडल्याशिवाय कोण देतो? ‘पूअर’ राहू द्या. वर ‘बेग’ पण लिहा.” रिक्षा चालवून चार मुले शिकवणाऱ्या माणसाचा अनुभव खोटा म्हणायची आमची हिंमत नाही. तरी ‘बेग’ आणि ‘रिक्वेस्ट’ यांत हात पसरणे आणि हात जोडणे एवढे अंतर आहेच.

शेवटी मुलीनेच दोन्ही विशेषणे खोडली. अब्बांचे महिन्याचे उत्पन्न, भावंडे किती, फी किती, एवढेच लिहिले आणि खाली ‘वी कॅनॉट अफोर्ड दिस’. ‘आय’चे ‘वी’ का केलेस, असे विचारले तेव्हा म्हणाली, “सर, फी काय मी एकटी भरते?”