वनाज ते रामवाडी, व्हाया हेडफोन

मैत्रीण बर्लिनला निघाली होती. जाताना तिला पुणं हवं होतं, तेही गाण्यांत. मग काय, मेट्रोत बसले आणि एकेक स्टेशन मागे टाकत प्लेलिस्ट बनवली!

"यात पुणं कुठंय?"

रात्री पावणेबाराला मैत्रिणीचा एवढाच मेसेज. आदल्याच दिवशी तिला माझी सगळ्यात लाडकी प्लेलिस्ट पाठवली होती. 140 गाणी, नऊ-एक तास. द स्ट्रोक्स, आर्क्टिक मंकीज, फ्रान्झ फर्डिनांड, डाफ्ट पंक... इंडी रॉक आणि डान्स म्युझिकचा असा सॉलिड ऐवज की पार्टी पहाटेपर्यंत चालावी. पण बाईसाहेबांनी मागितलं होतं वेगळंच. नोकरीसाठी बर्लिनला निघालेली ती. 23 किलोच्या बॅगेत आईनं बाकरवडी आधीच कोंबलेली. मला म्हणाली होती, "तू मला पुणं दे. तिकडे ऑफिसला जाताना ऐकीन."

आणि मी तिला काय दिलं? न्यूयॉर्क, शेफील्ड, ग्लासगो आणि पॅरिस! जन्म कोथरूडचा, कॉलेज फर्ग्युसन रोडवर, वीकेंड कोरेगाव पार्कात. दहा वर्षं गाणी गोळा करतेय आणि आपल्याच शहराच्या खात्यावर भोपळा. रात्रभर झोप नाही लागली बॉस.

सकाळी ठरवलं, नुसतं ॲपमध्ये सर्च मारत बसायचं नाही. शहरातून जायचं आणि जाता जाता गाणी उचलायची. त्यासाठी पुण्यात आता एक झक्कास सोय आहे. मेट्रोची ॲक्वा लाइन. वनाज ते रामवाडी, सोळा स्टेशनं. 2022 च्या मार्चमध्ये ती वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत आली, 2023 च्या ऑगस्टमध्ये रुबी हॉलपर्यंत आणि 2024 च्या मार्चमध्ये थेट रामवाडीला टेकली. म्हणजे पश्चिमेचं कोथरूड आणि पूर्वेचं नगर रोड, एका तिकिटात. ही दोन पुणी एकमेकांना किती ओळखतात, हा वेगळा विषय. पण प्लेलिस्टला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो. इथं तो रुळांवरच आखलेला होता.

वनाज : सावकाश निघा

कोथरूडची सकाळ. बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल, खाली दूधवाला, डब्यात अर्धी झोपेतली आयटी जनता. इथं धाडकन गिटार वाजवणं म्हणजे गुन्हा. म्हणून पहिला मान ईझी वाँडरलिंग्जचा. सन्यंत नारोथनं उभा केलेला पुण्याचाच बँड. 2017 मध्ये त्यांचा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम आला. मऊ आवाज, फोक आणि सोलचा हात धरून चालणारी गाणी. ऐकताना वाटतं, कोणीतरी आपल्याला हलकेच उठवतंय. पहिल्या गाण्याचं काम तेवढंच. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं, बसायला जागा द्यायची.

गरवारे कॉलेज : दादाच्या खोलीतलं गाणं

पुढे नळ स्टॉप, मग गरवारे. डब्यात कॉलेजची गर्दी घुसते आणि आवाज दुप्पट होतो. आता ड्रम्स चालतील. इथं अग्नी. हाही पुण्याचा बँड, 2007 मध्ये पहिला अल्बम. एमटीव्हीच्या 'रोडीज'मुळे तो घराघरांत पोचला. मी तेव्हा शाळेत होते. दादाच्या खोलीचं दार बंद, आतून हे गाणं आणि बाहेरून बाबांचा आवाज, "अरे, जरा हळू!" हिंदी शब्द, सुफी वळण आणि खाली रॉकचा दणका. हा बँड आपल्या गावचा आहे, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. आपल्याकडे बँडचं गाव कोण विचारतं?

डेक्कन : ॲपमध्ये नसलेला ट्रॅक

डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान, या दोन स्टेशनांच्या छपरांना पुणेरी पगडीचा आकार दिलाय. त्यावरून विनोद बरेच झाले, पण खरं सांगू? नदीपात्राच्या कडेनं गाडी जाते तेव्हा मला तो आवडतो. आणि गणपतीच्या आधीचे एक-दोन महिने इथं संध्याकाळी उतरलात, तर नदीकाठानं ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. कामावरून थेट आलेली मुलंमुली, खांद्याला सॅक, कमरेला ढोल.

मी सहज म्हणून अर्धा तास उभी राहिले आणि डोक्यात ट्यूब पेटली. आपण क्लबमध्ये ज्याला बीट म्हणतो, ते सगळं इथं आहे की! ताशा बारीक, कडक आवाजात लय धरून ठेवतो, ढोल एकत्र पडून छातीत ठोका देतात आणि झांजा वरची चमक भरतात. हाय-हॅट, किक आणि सिम्बल. डीजे याच तीन गोष्टी मशिनवर करतो. पुण्याचं डान्स म्युझिक शोधत मी बर्लिनपर्यंत पोचले होते आणि ते माझ्या घरापासून चार स्टेशनांवर वाजत होतं. फोन काढला, चार मिनिटं रेकॉर्ड केलं. मध्ये एका काकांचं "ए, गाडी काढ" पण आलंय. तसंच ठेवलं.

सिव्हिल कोर्ट : इथं ड्रॉप!

इथं दोन लाइन एकमेकींना भेटतात. आपली ॲक्वा वरून जाते आणि पर्पल लाइनचं स्टेशन जमिनीखाली सुमारे 33 मीटर. देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. एस्कलेटरवरून उतरताना पोटात गोळा येतो. डान्स म्युझिकमध्ये याला ड्रॉप म्हणतात. लय चढवत चढवत न्यायची, क्षणभर सगळं थांबवायचं आणि मग बासच्या खड्ड्यात सोडून द्यायचं. तेव्हा इथं न्यूक्लियाच हवा. उदयन सागर हे त्याचं खरं नाव. 2015 च्या 'बास रानी'मध्ये त्यानं आपल्या रस्त्यांवरच्या मिरवणुकीचा गोंगाट थेट क्लबच्या बासला जोडला. डेक्कनच्या ढोलानंतर तो अजिबात उपरा वाटत नाही. जणू तीच मिरवणूक पुढे सरकलीय.

पुणे स्टेशन : मुंबईचा पाहुणा

सिव्हिल कोर्ट सोडलं की गाडी मुठा ओलांडते आणि थोड्या वेळात पुणे स्टेशन. इथं मुंबईहून पाहुणा यायलाच हवा, 1930 पासून डेक्कन क्वीन तेच तर करतेय. माझा पाहुणा चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस. 1982 मध्ये त्यानं रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी बघितलं नाही. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोत त्यातल्याच टीबी-303 या यंत्रातून ॲसिड हाउसचा आवाज निघाला आणि जग नाचायला लागलं. चरणजितजींचा अल्बम 2010 मध्ये पुन्हा निघाला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. ते 2015 मध्ये गेले. भैरव ऐकत स्टेशनवरची गर्दी बघा. नंतर मला थँक्स म्हणाल.

थोडा फंडा

आता एक तांत्रिक अडचण. इंडी रॉकवरून डान्सवर उडी मारायची कशी? मध्ये पूल लागतो. म्हणजे असं गाणं, ज्यात गिटारही आहे आणि मशिनही. माझ्या जुन्या यादीत ते काम न्यू ऑर्डरचं 1983 चं 'ब्लू मंडे' करायचं. आपल्याकडे पेंटाग्राम आहे, विशाल ददलानीचा मुंबईचा बँड. त्यातलाच गिटारिस्ट रँडॉल्फ कोरिया आणि मोनिका डोग्रा यांची जोडी म्हणजे शायर अँड फंक. अग्नी आणि ढोल यांच्या मध्ये मी पेंटाग्राम घातला आणि सांधा एकदम बसला. वेगाचंही बघा. हाउस म्युझिक मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोक्यांवर चालतं. शेजारची गाणी त्याच्या आसपास ठेवली तर पाय अडखळत नाहीत.

बंडगार्डन : दहाच्या आत घरात

कोरेगाव पार्क म्हटलं की क्लब, मान्य. पण त्याच्याही आधी इथं लोक मशिनच्या संगीतावर अंग हलवत होते. 1974 पासून इथं रजनीशांचा आश्रम. त्याच दशकात डॉयटर हा जर्मन संगीतकार पुण्यात आला आणि त्यानं ध्यानासाठी संगीत बांधलं. कुंडलिनी ध्यान तासाभराचं, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे. आधी अंग झटकायचं, मग नाचायचं, मग स्तब्ध, मग आडवं पडायचं. श्रद्धा असो-नसो, प्लेलिस्ट म्हणून हे डिझाइन भन्नाट आहे. आपण सगळे नाचाच्या टप्प्यावर यादी संपवतो आणि मग घरी जाऊन झोप येत नाही म्हणून रडतो. मी त्याची एक शांत रचना शेवटासाठी राखून ठेवली.

शिवाय पुण्याला शेवट लवकर करावा लागतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सोडले तर सूट नाही. बर्लिनमध्ये क्लब मध्यरात्रीनंतर रंगात येतात, आपल्याकडे मुख्य बँड दहा वाजता "थँक यू पुणे" म्हणून मोकळा! म्हणून पुण्याच्या प्लेलिस्टचा कळस नवाच्या सुमारास यायला हवा.

येरवडा : एक रिकामी जागा

गाडी मुळा-मुठा ओलांडून येरवड्यात शिरते. इथल्या इशान्या मॉलमध्ये 2014 मध्ये ब्लूफ्रॉग आला होता. मुंबईचा तो गाजलेला लाइव्ह म्युझिक क्लब. आता तो नाही, मॉलचं नावही बदललं. सनबर्न 2016 मध्ये गोव्याहून इकडे आला, पहिल्या वर्षी नगर रोडपलीकडे केसनंदला, पुढची दोन वर्षं बावधनच्या बाजूला. 2019 मध्ये परत गोव्याला. एनएच7 वीकेंडर तर 2010 मध्ये पुण्यातच जन्मला आणि एका मैदानावरून दुसऱ्यावर फिरत राहिला. या शहरात गाण्याला कायमचा पत्ता मिळत नाही. जागा जाते, बोर्ड बदलतो. उरतं ते कोणीतरी यादीत लिहून ठेवलेलं. हे लक्षात आलं आणि हातातलं काम अचानक टाइमपास राहिलं नाही.

रामवाडी : शेवटचं स्टेशन

शनिवारी तिला घेऊन वनाजला गेले. तिची फ्लाइट मंगळवारी. वायरवाला जुना इअरफोन, एक कान तिचा, एक माझा. ईझी वाँडरलिंग्जला ती खिडकीबाहेर बघत होती. अग्नीला पाय हलले. ढोलाला तिनं माझ्याकडे चमकून बघितलं. काकांचं "ए, गाडी काढ" आलं तेव्हा फिस्सकन हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी न बघितल्यासारखं केलं.

कल्याणीनगरला क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' लागलं. 2024 चं मराठी हाउस, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलेलं. मराठीत नाचता येतं, हे सांगायला आता कुणाला पुरावा द्यायला नको. रामवाडीला उतरलो. जरा पुढे नगर रोडवर महालक्ष्मी लॉन्स. 2019 मध्ये एनएच7 ला आम्ही दोघी तिथं होतो, कोडालाइन ऐकायला. परतताना रिक्षा मिळाली नव्हती आणि दोघी किती तरी वेळ चालत, बेसूर गात सुटलो होतो.

"कोडालाइन नाही घातलंस?" तिनं विचारलं.

"ते डब्लिनचे. तू म्हणालीस पुणं."

"अगं वेडे, आपण गायलो ते पुण्यातच ना!"

बरोबर होतं तिचं. तिथंच रस्त्याकडेला उभं राहून ते गाणं डॉयटरच्या आधी टाकलं. शेजारून पीएमपीची बस हॉर्न वाजवत गेली. ती म्हणाली, "थांब, हे पण रेकॉर्ड कर."