अम्मीच्या गळ्यातली गाठ आणि आयोडीनची डाय

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. रोजच्या मिठातून ते सहज मिळते. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी जी डाय सोडतात, तिच्या 100 मिलीलिटरमध्ये मात्र 30 ग्रॅमच्या आसपास आयोडीन असते. त्यातले बहुतेक रेणूत बांधलेले असते आणि लघवीवाटे निघून जाते. तरी जे थोडे सुटे राहते, तेही रोजच्या गरजेच्या कितीतरी पट भरते.

निरोगी थायरॉइड हा मारा झेलते. काही दिवस हार्मोन बनवणे थांबवते, मग पुन्हा कामाला लागते. वुल्फ आणि चायकॉफ यांनी हे थांबणे 1948 मध्ये उंदरांवर दाखवले. ग्रंथी आधीच दुखावलेली असेल तर ती कधी कधी बंदच पडून राहते. आणि गळ्यात जुन्या गाठी असतील तर उलटे घडू शकते: आयोडीन मिळाले की त्या गाठी बेलगाम हार्मोन बनवत सुटतात.

माझ्या अम्मीचे हे दुसरे झाले. तिची अँजिओग्राफी शाबानमध्ये झाली, मग रमजान लागला. वजन उतरले, सगळे म्हणाले रोजे आहेत. झोप उडाली, म्हणाले सहरीचे जागरण. थोरल्या खालाने दम केलेले पाणी पाजले. ईदच्या दिवशी शीरखुर्मा वाढताना अम्मीचा हात इतका थरथरला की वाटी भरेना. छाती तर सारखी धडधडत होती. घरच्या डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला आणि विचारले, "एवढ्यात डाय घालून काही तपासणी झाली का?" टीएसएच जवळपास शून्य निघाले.

अँजिओग्राफी गरजेचीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्या दवाखान्यात शुगर विचारली, क्रिएटिनिन पाहिले, मासे खाऊन अंगावर पित्त उठते का हेही विचारले. ओढणीआडून दिसणाऱ्या गाठीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सहीचा कागद इंग्रजीत होता, अम्मी उर्दू आणि मराठी वाचते.

तुमच्या घरात कुणाला गलगंड किंवा थायरॉइडचा जुना त्रास असेल, तर डायच्या भीतीने तपासणी टाळू नका. आधी सांगा, आणि नंतर काही आठवड्यांनी टीएसएच करायचे का, हे विचारा. म्हाताऱ्या माणसाचे हृदय ही धडधड फार काळ सोसत नाही.

गोळ्यांनी अम्मी तीन महिन्यांत सावरली. राहिलेले रोजे तिने हिवाळ्यात पूर्ण केले, दिवस लहान असतात म्हणून.