कोशाचे अंग, सुताचे काठ

वस्त्राचे आयुष्य त्याच्या किमतीपेक्षा त्याचा धागा कोणत्या द्रव्याचा आहे, हे ओळखून घेतलेल्या निगेवर अधिक अवलंबून असते. कापसाचा धागा सेल्युलोजचा, म्हणजे वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याने बनतात त्याच द्रव्याचा असतो, तर रेशीम आणि लोकर ही प्राणिजन्य प्रथिने आहेत. या एका भेदातून धुण्याचे बहुतेक नियम निघतात. कापूस सोड्यासारखा खार सहन करतो आणि भिजल्यावर कोरड्यापेक्षाही बळकट होतो, म्हणूनच वरठी, म्हणजे धोबी, सुती कपडे निर्धास्तपणे भट्टीत घालू शकत असे. रेशमाचे नेमके उलट असते. खाराने त्याचे प्रथिन हळूहळू तुटत जाते आणि ओले असताना त्याची ताकद घटते, त्यामुळे दगडावर आपटण्याने सुती धोतराचे फारसे बिघडत नसले तरी रेशमी वस्त्र त्याच आपटण्याने विरते.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी वसलेल्या मार्कंडा परिसरातील जुन्या घरांमध्ये हा भेद एकाच दांडीवर पाहायला मिळतो, कारण रोजच्या सुती लुगड्यांच्या बरोबरीने तेथे कोशाची वस्त्रेही आहेत. कोसा म्हणजे टसर रेशीम. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर वाढणाऱ्या रानकिड्याच्या कोषापासून ते मिळते. आरमोरीकडील ढिवर कुटुंबांनी हे किडे रानात राखून वाढवण्याची विद्या जपली आहे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड हे कोसा विणणाऱ्या कोष्ट्यांचे जुने गाव आहे. कोसाकिड्याचा कोष इतका कठीण असतो की खाराच्या पाण्यात उकळल्याशिवाय त्याचा धागा सुटत नाही. याचा अर्थ वस्त्र विणले जाण्यापूर्वीच हा धागा एकदा खाराची झळ सोसून आलेला असतो, आणि त्याच्यावर पुन्हा धुण्याच्या सोड्याचा मारा करणे म्हणजे त्याचे उरलेले बळ खर्चून टाकणे होय.

प्रस्तुत लेखिकेच्या सासरी, याच परिसरात, पूजेचे सोवळे कोशाचे असे. ते पूजा आटोपताच साबणाविना नुसत्या पाण्यातून काढले जाई, न पिळता हलक्या हाताने दाबून निथळवले जाई आणि कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीने उंच वलणीवर, घराच्या आतच, वाळत टाकले जाई. या साऱ्यामागचे सांगितले जाणारे कारण विटाळाचे होते आणि त्या कारणाला आज कोणी मान द्यावा असे लेखिकेला वाटत नाही. परंतु त्या रीतीतील हाताळणी धाग्याच्या दृष्टीने अचूक होती, हे मान्य करावेच लागते. घाम वाळून बसण्याआधी निघून जाई, खार लागत नसे, आणि ज्या उन्हाने रेशीम पिवळे पडून कुजके होते ते ऊन त्याला मिळत नसे. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अंगणातील दोरीपेक्षा घरातील वलणी किती हिताची, हे वेगळे सांगायला नको. घरातील इतर रेशमी कपडे, ज्यांना सोवळ्याचा मान नव्हता आणि म्हणून जे साबणाने धुऊन उन्हात वाळवले जात, ते त्या सोवळ्याच्या कितीतरी आधी विरले.

खरी परीक्षा करवती साडीची असते. विदर्भात विणल्या जाणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या या साडीचे अंग कोशाचे आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेले काठ बहुधा सुताचे असतात; विणकर अंगासाठी एक आणि दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालवून दोन्ही धागे एकमेकांत अडकवतो. विणीचे हे कौशल्य निगा राखणाऱ्याला मात्र पेचात टाकते, कारण काठाला जे मानवते ते अंगाला मानवत नाही. लेखिकेच्या सासूबाईंनी यावर काढलेला मार्ग असा, की साडीचा निर्णय नेहमी तिच्यातील नाजूक धाग्यावरून घ्यायचा. प्रथम काठाच्या एका टोकाला ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहिले जाई, कारण गडद काठाचा रंग कोशाच्या नैसर्गिक सोनेरी-तपकिरी अंगावर एकदा पसरला की काढता येत नाही. नंतर संपूर्ण साडी एकदमच थंड पाण्यात बुडवली जाई, कारण कोशाचा केवळ एखादा भाग भिजवला तर वाळताना तेथे पाण्याच्या कडेचा डाग उमटतो. धुण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरले जाई. रिठ्यातील सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य मळ सोडवते, पण साबणाच्या पावडरीसारखे खारयुक्त नसते. बाजारातील अनेक पावडरींमध्ये अंडे, रक्त अशा प्रथिनांचे डाग पचवणारी विकरेही असतात आणि त्यांना डागातील प्रथिन व रेशमातील प्रथिन यांत फरक करता येत नाही. वाळताना सुती काठ आकसून अंगाला चुण्या पडतात, म्हणून साडी ओलसर असतानाच काठ दोघींनी दोन बाजूंनी ताणून सरळ करायचे, हे काम लेखिकेच्या वाट्याला अनेकदा आले.

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेनंतर हळदीचे डाग ठरलेलेच असत. हळद खाराने लाल होते, त्यामुळे साबण लावताच डाग गडद दिसून घाबरायला होते. तिचा रंग उन्हात मात्र लवकर उडतो. सुती लुगड्यासाठी हा उपाय उत्तम आहे, कोशासाठी तो थोडक्यातच आटोपावा आणि डागाखेरीज बाकीचे वस्त्र झाकून ठेवावे. बिब्ब्याच्या रसाचा डाग मात्र कशानेच जात नाही, म्हणूनच कपडे ओळखण्याच्या खुणा करायला तो वापरला जात असे.

पावसाळ्यात या वनप्रदेशातील हवा इतकी दमट असते की पेटीतील कपड्यांवर बुरशी सहज चढते. कोशाची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली तर तिच्यातील ओल आतच राहते. जुन्या, मऊ, खळ नसलेल्या धोतराच्या तुकड्यात ती गुंडाळावी, कारण कसर खळीवर जगते. वेखंड किंवा डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, वस्त्राला लागू देऊ नयेत. कापड खाणाऱ्या अळ्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग असलेले रेशीम विशेष आवडते, त्यामुळे न धुता ठेवलेली साडी सर्वांत आधी खाल्ली जाते. घडी वर्षानुवर्षे त्याच रेषेवर राहिली की धागा तेथेच तुटतो, म्हणून दसऱ्याच्या सुमारास पेटी उघडून, सावलीत वारा देऊन, घडी वेगळ्या ठिकाणी मोडावी.

यात्रेतील दुकानांतून कोशासारखी दिसणारी कृत्रिम धाग्याची वस्त्रेही विकत घेतली जातात, आणि त्यांची निगा अगदीच निराळी असते. ओळखण्यासाठी पदराचा सुटा धागा जाळून पाहावा: रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडणारी राख उरते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. जे आचेने वितळते त्याला कडक इस्त्री चालत नाही. सुताला ती चालते. कोशाला मध्यम तापवलेली, उलट्या बाजूने आणि वर पातळ फडके टाकून चालते. करवती साडीवर इस्त्री फिरवताना अंग आणि काठ वेगवेगळे घ्यावेत, आधी कमी आचेवर अंग आणि मग आच वाढवून काठ.