कोंकणची वाट आणि मोटारीचे ब्रेक

देशावरून कोंकणांत उतरण्याची कोणतीहि वाट घ्या, ती कोठें तरी सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं गेल्यावांचून राहत नाहीं. पुण्याहून मुंबईस जाणारास बोरघाट आहे, माणगांवास जाणारास ताम्हिणी, महाडास जाणारास वरंधा. कऱ्हाडाहून चिपळुणास कुंभार्ली घाटानें उतरावें लागतें, कोल्हापुराहून रत्नागिरीस आंबा घाटानें आणि बेळगांवाकडून सावंतवाडीस आंबोलीनें. गणपति, शिमगा व उन्हाळ्याची सुटी या तीन वेळीं हे सर्व घाट मोटारींनीं भरून जातात. घरांतील वडील माणसें, लहान मुलें आणि मागच्या खणांत दाबून भरलेलें सामान घेऊन निघालेला मालक टायरांतील हवा पाहतो, कांचा पुसतो, तेलाची टांकी भरून घेतो. परंतु गाडीनें घाट चढावा कसा याची त्याला जेवढी काळजी असते, तेवढी तो उतरावा कसा याची सहसा नसते. वास्तविक चढावर गाडी थकली तर ती फार तर उभी राहील. उतारावर ब्रेक थकले तर काय होईल, हें सांगावयास नको.

रेल्वे बांधणारांनीं हा फरक फार पूर्वीं ओळखला होता. बोरघाटांतील गाडीरस्ता इ. स. १८३० मध्यें सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला, आणि १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. तिचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. अशा उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर काय करावें, याचा विचार करून तेथें 'कॅच सायडिंग' नांवाचे फांटे ठेवलेले आहेत. निसटलेली गाडी मुख्य मार्ग सोडून या फांट्यावर जाते आणि समोरच्या चढावर तिचा वेग मरतो. घाट उतरणाऱ्या गाड्या मध्येंच थांबवून ब्रेकची खात्री करून घेण्याची शिस्तहि त्याच काळजीपोटीं आली. जुन्या गाडीरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचें तें स्थान, अशी आख्यायिका आहे, आणि येणारेजाणारे तेथें क्षणभर थांबून पैसा वाहतात. श्रद्धा असो वा नसो, घाटाच्या तोंडाशीं दोन मिनिटें थांबण्याची रीत मोटारवाल्यानें उचलण्यासारखी आहे; कारण त्याच्यासाठीं रस्त्यावर असा फांटा प्रत्येक वळणावर कोणी बांधून ठेवलेला नसतो.

उतारावर ब्रेकवर किती भार पडतो, याचा एक घरगुती हिशेब करून पाहूं. माणसें व सामान धरून गाडीचें वजन दीड हजार किलो समजा. लोणावळ्याहून खोपोलीस जातांना ती सुमारें साडेपाचशे मीटर खालीं येते. एवढें वजन एवढ्या उंचीवरून उतरतांना जी शक्ति मोकळी होते, ती पंचवीस लिटर थंड पाणी उकळीस आणण्यास पुरेल. म्हणजे न्हाणीघरांतील एक चांगला मोठा बंब झाला! या शक्तीचा कांहीं भाग हवेच्या व रस्त्याच्या विरोधांत खर्च होतो. बाकीचा भाग इंजिनानें न अडविल्यास तो सर्व चाकांमागील चार लहानशा तबकड्यांत व ड्रमांत उष्णतेच्या रूपानें सांठत जातो. पाय ब्रेकवर सतत दाबून ठेवला, तर त्यांस निवण्यास उसंतच मिळत नाहीं. मग पॅडची पकड सैल पडते आणि जळक्या रबरासारखा वास येऊं लागतो.

याहून मोठा धोका ब्रेक ऑईलमध्यें लपलेला असतो. आपला पाय पेडलवर जें बळ लावतो, तें या द्रवाच्या द्वारें चाकांपर्यंत पोंचतें. पाण्यानें भरलेल्या पिचकारीचें तोंड बोटानें बंद करून दट्ट्या दाबला तर तो हलत नाहीं; हवा भरलेल्या पिचकारीचा दट्ट्या मात्र सहज आंत जातो. ब्रेकच्या नळ्यांतहि नेमकें हेंच घडतें. हें तेल हवेंतील दमटपणा हळूहळू शोषून घेतें, आणि पाणी मिसळलें कीं त्याचा उत्कलनबिंदु उतरतो. 'डॉट ४' या जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, असें मान्य प्रमाण आहे; तेंच सुमारें पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर १५५ अंशांचें प्रमाण धरतात. 'डॉट ३' साठीं हेच आंकडे २०५ आणि १४० आहेत. जुनें तेल घाटांत तापून उकळलें, तर नळींत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकीं तळापर्यंत जातें. गांवांतल्या सपाट रस्त्यावर याच गाडीचे ब्रेक उत्तम लागत असतात, म्हणून मालकास शंकाहि येत नाहीं. कोंकणासारख्या दमट मुलखांत ये-जा करणारानें गाडी फार चालली असो वा नसो, दर दोन वर्षांनीं हें तेल बदलून घ्यावें. तें नव्या, बंद डब्यांतील असावें. आणि इंजिनाचें तेल चुकूनहि त्यांत घालूं नये, कारण त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें.

प्रवासाच्या आदल्या दिवशीं नव्हे, तर निदान आठ दिवस आधीं गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्यावी, म्हणजे निघालेला दोष दुरुस्त करण्यास वेळ राहतो. पॅडची जाडी तीन मिलिमीटरांवर आली असेल तर ते बदलावे. टांकींतील ब्रेक ऑईलची पातळी उतरली असेल तर वरून भर घालून समाधान मानूं नये; पॅड झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे, याची ती खूण असते. ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढली जाणें, पेडल दाबून धरलें असतां तें सावकाश खालीं बुडत जाणें, चाकांतून धातू घांसल्याचा आवाज येणें, या तीन तक्रारींपैकीं एकहि असेल तर ती दूर झाल्याशिवाय घाटाकडे तोंड करूं नये. हँडब्रेकची परीक्षा साध्या चढावर करतां येते: गाडी भरलेली असतांना तिनें तेथें न हलतां उभें राहिलें पाहिजे.

आतां उतरण्याची रीत. जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत कीं, जो घाट ज्या गिअरमध्यें चढावा, तो त्याच गिअरमध्यें उतरावा. या एका वाक्यांत घाटाची सर्व विद्या आली. खालच्या गिअरमध्यें इंजिनच गाडीला मागें धरतें. ब्रेक वळणाआधीं थोडा वेळ, पण पुरेसा दाबावा आणि सोडून द्यावा. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडणें हा शुद्ध अविचार होय. इंजिन बंद करणें तर त्याहून वाईट. कारण ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत दोनतीन दाबांनंतर संपते आणि सुकाणूंहि जड होतें. स्वयंचलित गिअरच्या गाडींत 'एल' किंवा हातानें गिअर ठरविण्याची सोय असते, ती याचसाठीं. विजेच्या मोटारी उतारावर आपली गति परत बॅटरींत सांठवितात. परंतु बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर सांठविण्यास जागा उरत नाहीं आणि सारा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असल्यास ती पूर्ण भरून निघूं नये.

जळका वास आला तर सपाट व सुरक्षित जागा पाहून थांबावें, अर्धा तास गाडी निवूं द्यावी आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतूं नये. आणि दुर्दैवानें पेडल खालीं गेलेंच, तर तें भराभर अनेकदा दाबावें, एकेक गिअर खालीं आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा, आणि तरीहि उपाय न चालला तर दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या बाजूस घांसून थांबवावी. गाडीचा पत्रा पुन्हां करून घेतां येतो.

हा सगळा खटाटोप टाळून मोटारच कोणाच्या पाठीवर घालून न्यावी, असा विचार अनेकांच्या मनांत येतो, आणि आतां तशा सोयीहि आहेत. कोंकण रेल्वेनें मालमोटारी आगगाडीच्या उघड्या डब्यांवर चढवून नेण्यास १९९९ मध्यें आरंभ केला. तीच सेवा २०२५ च्या गणेशोत्सवांत प्रथमच खाजगी मोटारींसाठीं रायगड जिल्ह्यांतील कोलाड व गोव्यांतील वेर्णा यांच्यामध्यें ठेवण्यांत आली. एका खेपेस चाळीस मोटारींची जागा, एका मोटारीस ७,८७५ रुपये भाडें, आणि माणसांनीं मोटारींत न बसतां जोडलेल्या डब्यांतून तिकीट काढून प्रवास करावयाचा, अशी ती व्यवस्था होती. सायंकाळीं कोलाड सोडलेली गाडी पहांटे वेर्ण्यास पोंचेल, असें वेळापत्रक होतें. सुमारें चारशे किलोमीटरांची रात्रीची दगदग वांचणें ही लहान गोष्ट नव्हे. जाऊं इच्छिणारानें त्या त्या वर्षाचे दिवस व दर रेल्वेकडूनच विचारून घ्यावे. तथापि पुणेकरानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कोलाडास पोंचण्यासाठीं त्याला ताम्हिणी उतरावाच लागतो! मोटार डब्यावर चढविली कीं ती गिअरमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा. स्वयंचलित असल्यास 'पी' वर ठेवावी. चाकांस पट्टे बांधीपर्यंत तिला जागेवर धरून ठेवणारे तिचे स्वतःचेच ब्रेक असतात.

जलमार्गाची गोष्टहि अशीच आहे. दाभोळ व धोपावें यांच्यामध्यें वाशिष्ठीच्या खाडींत फेरीबोट चालते. तिच्यामुळें दापोलीकडून गुहागरास जाणाराचा मोठा वळसा वांचतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी मोठी बोट २०२० मध्यें सुरू झाली आणि अलिबागचा शंभर किलोमीटरांहून अधिक रस्ता तासाभराच्या जलप्रवासावर आला. खाडीवरील फेरीबोटींत चढतांना ओहोटीची वेळ असेल तर उतार अधिक तीव्र असतो आणि फळी ओली व शेवाळलेली असते. वृद्ध व मुलें यांस आधीं उतरवावें, पुढची गाडी पूर्ण आंत गेल्यावरच आपली सोडावी, आणि चढतांना मध्येंच थांबण्याचा प्रसंग आल्यास हँडब्रेक लावूनच पुन्हां गाडी उचलावी.

बदलीच्या नोकरींत असलेल्या कुटुंबांस मोटार दूरच्या प्रांतीं ट्रकनें पाठवावी लागते. तेव्हां गाडी धुवून चारी बाजूंनीं दिवसाउजेडीं छायाचित्रें काढावीं, किलोमीटरांचा आंकडा व असलेले ओरखडे पावतीवर लिहून घ्यावे, वाहतुकीचा विमा कोणाच्या नांवें व किती रकमेचा आहे तें वाचून पाहावें. टांकींत थोडेंच तेल ठेवावें. गाडींत घरसामान किंवा मौल्यवान वस्तु भरूं नयेत. नोंदणी, विमा व प्रदूषण तपासणी यांच्या प्रती जवळ असाव्यात. आणि परराज्यांत गाडी बारा महिन्यांहून अधिक राहणार असेल तर तेथें तिची नवी नोंदणी करावी लागते, हें निघण्यापूर्वींच ध्यानांत घेऊन मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला मिळवावा. वारंवार बदली होणाऱ्या सरकारी नोकरांसाठीं २०२१ पासून 'बीएच' मालिकेची नोंदणी निघाली आहे. तिनें ही यातायात वांचते.

गाडी परत ताब्यांत घेतांना पावतीवर सही करण्यापूर्वीं ती छायाचित्रांशीं ताडून पाहावी, आणि लगेच हमरस्त्यावर न नेतां आवारांतच दोनचार वेळां ब्रेक लावून बघावे. खाऱ्या हवेंत कांहीं दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या तबकड्यांवर तांबूस गंज धरतो. सावकाश चालवून हलके ब्रेक लावले कीं तो निघून जातो. पावसाळ्यांत गांवच्या अंगणांत गाडी बरेच दिवस ठेवावयाची असल्यास सपाट जागीं गिअरमध्यें ठेवून चाकांस दगड लावावेत व हँडब्रेक सैल सोडावा, नाहीं तर तो आंतल्या आंत चिकटून बसतो.

दगडाविषयीं आणखी एक विनंती. घाटांत बंद पडलेल्या गाडीच्या चाकामागें लावलेले धोंडे गाडी निघाल्यावर तेथेंच टाकून जाण्याची वाईट संवय पुष्कळांस आहे. अंधारांत व धुक्यांत मागून येणाऱ्या दुचाकीस तोच धोंडा काळ होतो. आपली गाडी चालूं लागली तरी एकानें खालीं उतरून तो दगड कडेस ठेवावा आणि मगच पुढची वाट धरावी.